वनस्पतिचित्र परदेशातल्या प्रदर्शनासाठी निवडलं जावं म्हणून काय करायचं: नाशिकमधून पाठवणाऱ्या नवख्यांसाठी

माझं कळलावीचं चित्र तिसऱ्या प्रयत्नात परदेशातल्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. त्याआधी दोनदा नकार आला. नकाराच्या मेलमध्ये कारण लिहिलेलं नसतं, त्यामुळे पहिलं वर्षभर मी रंगकामालाच दोष देत बसले. मग ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापिकांना चित्र दाखवलं. त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेलं. चष्मा कपाळावर सरकवून त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, कुक्षिवृंत सरळ काढलास की! कळलावीचा काटकोनात वळतो." कुक्षिवृंत म्हणजे फुलातल्या अंडाशयापासून निघणारी बारीक दांडी. रंग, छटा, कडा, सगळ्यावर दोन महिने घातले होते आणि फुलाची मुख्य खूणच चुकली होती.

अलीकडे नाशिकमध्ये हे काम करणारे बरेच जण भेटतात. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात: पाठवायचं कुठे, कसं, किती खर्च येतो, चित्र परत येतं का. मला हे सगळं तुकड्यातुकड्यांनी, चुका करत कळलं. तुमचं तेवढं वर्ष वाचावं म्हणून क्रमाने लिहिते.

१. प्रदर्शनाच्या तारखेपासून नको, झाडाच्या ऋतूपासून मोजा

बहुतेक जण अर्जाची शेवटची तारीख बघतात आणि मग विषय शोधायला लागतात. इथेच गाडी चुकते. डिसेंबरात अर्ज भरायचा आणि विषय कळलावी ठरवायचा, तर समोर ठेवायला फूल कुठून आणणार? मग फोटोवरून काम होतं, आणि फोटोवरून केलेलं काम जाणकार डोळ्यांना लगेच कळतं.

आपल्याकडचं ढोबळ वेळापत्रक असं धरा. पळस, पांगारा, काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये. बहावा एप्रिल-मेमध्ये, ताम्हणही उन्हाळ्यातच. कळलावी जुलै ते सप्टेंबर. तेरडा आणि सोनकी पावसाच्या उत्तरार्धात. नागलीची कणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. फुलासोबत फळ आणि बीही एकाच कागदावर हवं असेल तर पूर्ण हंगाम त्या झाडाच्या मागे राहावं लागतं. कळलावीचं फळ फुटून आतल्या लालभडक बिया दिसायला लागतात तोवर फुलं कधीच संपलेली असतात. म्हणजे फूल ऑगस्टमध्ये रंगवायचं आणि फळासाठी कागदावर जागा राखून ठेवायची.

म्हणून माझा सल्ला असा: यंदाच्या पावसात जे बघाल ते पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी. एवढा वेळ हाताशी ठेवलात तर पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

विषय निवडताना दुर्मीळच हवं असा हट्ट नको. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची अशी जात आहे की तिचं शास्त्रीय नावच अंजनेरीवरून पडलं, सेरोपेजिया अंजनेरिका. ती काढायचा मोह मलाही होतो. पण ती अतिशय संकटात असलेली वनस्पती आहे. तिथे जाऊन एक फूल जरी खुडलं तरी ते चित्र माझ्या दृष्टीने बाद. काढायचीच असेल तर वनखात्याची परवानगी घ्या, जागेवर बसून रेखाटा आणि रिकाम्या हाताने खाली या. नवख्याने घराजवळचं झाड घ्यावं, ज्याच्याकडे आठवड्यातून तीनदा जाता येईल. पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान त्यासाठी चांगलं आहे. त्र्यंबक रोडच्या कडेच्या कुंपणांवर पावसात कळलावी चढलेली असते. शेतमालाकडेही कमी लेखून बघू नका. २०२५ मध्ये अनेक देशांत एकाच वेळी भरलेल्या वनस्पतिचित्र प्रदर्शनांचा विषय पिकांची विविधता हाच होता. पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडची नागली आणि वरई किती जणांनी नीट बघून रंगवली आहे?

२. प्रदर्शन कोणतं, ते आधी समजून घ्या

प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी. मला नीट माहीत असलेली काही मोठी नावं सांगते.

लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही १८०४ सालची संस्था. तिच्या प्रदर्शनासाठी एका चित्रावर भागत नाही, एका विषयावरची सहा चित्रं लागतात. आधी कामाचे नमुने पाठवून पात्र ठरावं लागतं, मग सहा चित्रांचा संच मांडायचा. त्यावर सुवर्ण, सिल्व्हर-गिल्ट, रौप्य आणि कांस्य अशी पदकं मिळतात. परीक्षक संपूर्ण संच बघतात, त्यामुळे पाच उत्तम आणि एक कच्चं असं झालं की ते कच्चंच डोळ्यात भरतं. हे दोन-तीन वर्षांचं काम आहे.

अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठात हंट इन्स्टिट्यूट आहे. त्यांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन १९६४ पासून चालू आहे आणि साधारण तीन वर्षांनी भरतं. तिथे एका चित्रकाराला एकदाच संधी मिळते. म्हणून घाई करू नका, हाताला चांगलं वळण लागल्यावरच तिकडे पाठवा.

अमेरिकन सोसायटी ऑफ बोटॅनिकल आर्टिस्ट्स ही संस्था १९९४ ची. त्यांच्या प्रदर्शनांत सुट्या चित्रांची निवड होते, त्यामुळे नवख्याला सुरुवात करायला ते सोयीचं वाटतं. सदस्यत्वाची अट आहे का, हे त्या त्या वर्षीच्या सूचनापत्रात बघा. सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनचा मार्गारेट फ्लॉक्टन पुरस्कार शास्त्रीय रेखाटनासाठी आहे. शाईचं आणि पेन्सिलीचं काम पक्कं असेल तर त्याकडे वळा.

इथला मोठा सापळा. इन्स्टाग्रामवर किंवा मेलवर निरोप येतो: "तुमचं काम आम्हाला आवडलं, आमच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी तुमची निवड झाली आहे." तुम्ही अर्जच केलेला नसतो. पुढे भिंतीच्या जागेचे, कॅटलॉगचे, प्रमाणपत्राचे पैसे मागतात. अर्जाशिवाय निवड होत असेल, परीक्षकांची नावं दिलेली नसतील आणि मागच्या वर्षीच्या चित्रकारांची यादी सापडत नसेल, तर उत्तरसुद्धा देऊ नका. खऱ्या प्रदर्शनांतही प्रवेशशुल्क असू शकतं. पण ते अर्जासोबत भरायचं असतं आणि निवड झाली नाही तर ते गेलं, असं त्यांनी आधीच स्पष्ट लिहिलेलं असतं.

३. वनस्पतीची ओळख पक्की करा

आजी जे नाव सांगते ते आणि शास्त्रीय नाव यांची गल्लत होते. कळलावीला कुणी अग्निशिखा म्हणतं, कुणी आणखी काही. अर्जात शास्त्रीय नाव लागतं, आणि तेही आज मान्य असलेलं. जुन्या पुस्तकांत कळलावीचं कुळ लिलिएसी दिलेलं असतं, आता ते कोल्चिकेसी मानतात. नाव आणि कुळ तपासायला लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' हे मोफत संकेतस्थळ वापरा.

स्वतःच्या शोधावर मात्र थांबू नका. केटीएचएम किंवा आरवायके महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात फोन करून, वेळ मागून जा. अवघड वनस्पती असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. जाताना नुसता फुलाचा फोटो नेऊ नका. पान, पानाची पाठ, खोडावर पानं कशी लागली आहेत ते, आणि कुठे, कधी सापडलं याची नोंद, एवढं न्या. कुणी ओळख करून दिली ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.

४. साहित्य

इथे थोडक्यात सांगते, कारण महागडं साहित्य घेऊन कुणाची निवड होत नाही. पण तीन गोष्टींत काटकसर नको.

कागद: शंभर टक्के कॉटन, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत, आणि वजनाला किमान ३०० जीएसएम. नाशिकमध्ये आपण सगळे खरबरीत कोल्ड प्रेसवर वाढलो. इथली जलरंगाची परंपराच निसर्गचित्रांची, शिवाजी तुपे यांची चित्रं बघत आम्ही शिकलो. गोदाघाटाच्या चित्राला खरबरीत कागद हवाच, पण त्यावर पानाची बारीक शीर सरळ ओढता येत नाही. हॉट प्रेस मला बाहेरून मागवावा लागतो. पाच-सहा ताव एकदम मागवा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत मागवा. दमट हवेत उघडा राहिलेला कागद रंग असमान शोषतो. ताव आडवे, बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

रंग: नळीवर रंगद्रव्याचा क्रमांक आणि प्रकाशात टिकण्याची श्रेणी दिलेली असते, ती वाचा. पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीचेच रंग घ्या. मूळ अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, टाळा. चमकदार फ्लोरोसंट गुलाबी तर नकोच. मी एका पट्टीवर माझे सगळे लाल आणि गुलाबी रंग लावले, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकली आणि मार्च ते मे दक्षिणेच्या खिडकीत चिकटवून ठेवली. जूनमध्ये कागद काढला तर फ्लोरोसंट गुलाबीचा उघडा भाग जवळजवळ कोरा झाला होता. क्वीनाक्रिडोन, म्हणजे पीव्ही १९, जसाच्या तसा होता. ही चाचणी तुम्हीही करा.

ब्रश: टोक न फुटणारे दोन पुरेत, एक चार नंबरच्या आसपास आणि एक लहान. दोन शून्याच्या ब्रशने सगळं चित्र होतं ही समजूत चुकीची आहे. मोठ्या ब्रशचं टोक चांगलं असेल तर तो जास्त रंग धरतो आणि रेघ अखंड येते.

याशिवाय डिव्हायडर, दहापट भिंग, धारदार ब्लेड, एच आणि टू-एच पेन्सिली, आणि दिवसाच्या उजेडासारखा दिवा. पावसाळ्यात आपल्याकडे दुपारी तीनलाच अंधारून येतं, दिव्याशिवाय चालत नाही.

५. निरीक्षणाची वही: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझी निवड कशामुळे झाली असं कुणी विचारलं तर मी वही दाखवते. तिसऱ्या प्रयत्नात मी ऑगस्टचे पहिले तीन आठवडे चित्राचा कागद हातातच घेतला नाही. रोज सकाळी वेलीपाशी जायचं आणि फक्त वहीत काढायचं.

कळलावीचंच उदाहरण घ्या. कळी हिरवट असते आणि खाली मान घालून लोंबते. फूल उमललं की सहाही परिदलं, म्हणजे पाकळ्यांसारखी दलं, मागे उलटतात आणि वरच्या दिशेने उभी राहतात, कडा लाटेसारख्या. सुरुवातीला बुडाशी पिवळं, टोकाशी लाल. मग एकेका दिवसाने लाल खाली उतरत जातं आणि शेवटी सगळं फूल लाल होतं. म्हणजे "कळलावीचा रंग कोणता?" या प्रश्नाला दिवस सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. मी एकाच फुलाचे सहा दिवसांचे रंग सहा चौकोनांत उतरवले आणि प्रत्येकाखाली कोणते रंग किती मिसळले ते लिहिलं. शेवटच्या चित्रात तीन वयांची तीन फुलं आली, ती या चौकोनांमुळे.

आता रचना. पुंकेसर सहा, चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले, आणि परागकोष टोकाला आडवे, वाऱ्याने हलणारे. कुक्षिवृंत अंडाशयापासून निघतो आणि लगेच एका बाजूला काटकोनात वळतो. ही या फुलाची ओळख, आणि माझी पहिली चूक. पानाचं टोक निमुळतं होत आकड्यासारखं वळतं आणि शेजारच्या काडीला धरतं. पानं काही ठिकाणी समोरासमोर, काही ठिकाणी एकाआड एक, तर खालच्या भागात तीन-तीनच्या वेढ्यातही सापडतात, तीही एकाच वेलीवर. म्हणून तुमच्या वेलीवर जशी आहेत तशीच काढा. पुस्तकातल्या आकृतीवरून दुरुस्त करत बसू नका.

वहीत काय काय असावं?

— पूर्ण फांदी कशी वाढते, झुकते, आधार घेते, याचं झटपट रेखाटन. तिचा डौल इथेच पकडला जातो.
— डिव्हायडरने घेतलेली मापं: पानाची लांबी-रुंदी, देठ, दोन पेरांमधलं अंतर. वनस्पतिचित्र सहसा मूळ आकारातच काढतात. मोठं केलं तर किती पट ते चित्रात पट्टीने दाखवावं लागतं.
— उभा छेद. ब्लेडने एक फूल मधोमध कापा आणि भिंगाखाली बघा. अंडाशय वर आहे की खाली, आत कप्पे किती, हे एकदा डोळ्याने पाहिलं की चूक होत नाही.
— पानाची पाठ, शिरांची मांडणी, लव आहे की नाही.
— रंगांचे चौकोन, तारीख आणि वेळेसह.
— फोटोसुद्धा काढा, पण आठवणीला आधार म्हणून. फोनचा कॅमेरा लाल रंग हमखास खोटा दाखवतो.

धोका: कळलावी विषारी आहे, विशेषतः कंद. हाताळल्यावर हात धुवा, ब्रश तोंडाने टोकदार करायची सवय सोडा, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर छेद घेतलेले तुकडे लगेच गुंडाळून टाका. धोतरा, कण्हेर, रुई यांच्याबाबतही हेच.

६. प्रत्यक्ष चित्र

रेखाटन आधी ट्रेसिंग पेपरवर पूर्ण करा, मांडणी हलवून बघा, मग हलक्या हाताने मूळ कागदावर उतरवा. हॉट प्रेसवर खोडरबर जास्त चालला की पृष्ठभाग उठतो आणि रंगात ते डाग दिसतात.

प्रकाश डाव्या बाजूने वरून यावा, ही जुनी रीत आहे. पार्श्वभूमी कोरी ठेवा आणि जमिनीवर सावली टाकू नका. आधी पातळ ओले थर, त्यावर कोरड्या ब्रशने बारीक काम. आपल्याला ओल्या कागदावर रंग मोकळा सोडायची सवय असते. इथे हात आवरावा लागतो आणि एकेक थर पूर्ण सुकू द्यावा लागतो. माझ्या कळलावीला साधारण नव्वद तास लागले. त्यातले वीस तरी नुसत्या हिरव्या रंगावर. नवखे फुलावर जीव टाकतात आणि पानं उरकतात. निवड करणाऱ्यांची नजर मात्र पानांवर आणि फांदीच्या जोडांवर लवकर जाते, असा माझा अनुभव आहे. देठ खोडाला कुठे, कसा चिकटतो, पेर फुगीर आहे की नाही, हे जमलं नसेल तर फूल कितीही देखणं असलं तरी ते हवेत तरंगतं.

सही लहान आणि फांदीच्या जवळ करा. मागे पेन्सिलीने वनस्पतीचं नाव, ठिकाण, महिना आणि तुमचं नाव लिहा. हे लिहायला विसरू नका म्हणते त्याला कारण आहे. १८४७ ते १८५० च्या काळात पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची अप्रतिम चित्रं करून घेतली. ती आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. चित्रं राहिली, पण काढणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

७. स्कॅन

निवड तुमच्या चित्राची होत नाही, त्याच्या फाइलची होते. मूळ चित्र परीक्षकांच्या हातात नंतर जातं, तेही निवड झाली तरच. माझा दुसरा नकार फोटोमुळे आला असं मी खात्रीने म्हणू शकते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून फोटो उजळवला आणि फिकट पिवळ्या कडा कागदात विरल्या. तीच फाइल पाठवली, पुन्हा उघडून पाहिलीसुद्धा नाही.

ए-थ्री फ्लॅटबेड स्कॅनर असलेलं दुकान शोधा. किमान ३०० डीपीआय, जमल्यास ६००. "ऑटो करेक्शन बंद ठेवा" असं काउंटरवर स्पष्ट सांगा. चित्र मोठं असेल तर भागाभागात स्कॅन करून जोडून घ्या. स्कॅन झाल्यावर फाइल मूळ चित्राशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात ताडून बघा, विशेषतः हिरवा आणि लाल. कागदाचा पांढरा किंचित राखाडी दिसला तरी चालेल, कडा शाबूत हव्यात. मूळ टीआयएफएफ फाइल जपून ठेवा आणि अर्जाला त्यांनी सांगितलेल्या आकाराची जेपेग पाठवा. फाइलचं नाव त्यांनी सांगितलं असेल अगदी तसंच द्या.

८. अर्ज

बसण्याआधी एवढं हाताशी ठेवा: चित्राचं शीर्षक, शास्त्रीय नाव, कुळ, प्रचलित नाव, माध्यम, साल, चित्राचा आणि फ्रेमचा आकार, विकायचं असल्यास किंमत, साठ-सत्तर शब्दांचा स्वतःचा परिचय आणि चित्राविषयी छोटा मजकूर.

शास्त्रीय नाव रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत लिहितात. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरांत. आकार लिहिताना उंची आधी की रुंदी आधी, इंच की सेंटीमीटर, हे सूचनापत्रात असतं. उलट लिहिलं तर चित्र मर्यादेबाहेर जाऊ शकतं. आकाराची मर्यादा फ्रेमसकट आहे का, तेही बघा.

चित्राविषयीच्या मजकुरात "निसर्गाचं अद्भुत सौंदर्य" वगैरे नको. वनस्पती कुठे वाढते, तुम्ही ती कधी, किती काळ पाहिली, चित्रात काय दाखवलंय, ते लिहा. त्र्यंबकच्या रस्त्याकडेची पावसातली वेल पिट्सबर्गमधल्या माणसाला माहीत नसते. तेच त्याला सांगा. फूल कुठून घेतलं हेही लिहा: बागेतून, शेतातून, की जागेवरच काढलं.

शुल्क भरताना कार्ड नाकारलं जातं आणि शेवटच्या रात्री धावपळ होते. २०२० पासून बँकांनी कार्डावरचे परदेशी व्यवहार मुळात बंदच ठेवायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते आधी सुरू करा आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करा. शेवटच्या तारखेची वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे असते, पण त्या भरवशावर राहू नका. आठवडाभर आधी भरून टाका.

९. निवड झाली! आता फ्रेम आणि पार्सल

निवडीचं पत्र आलं त्या दिवशी मी ते आईला तीनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र डोकं थंड ठेवायला लागतं, कारण चित्र खराब होतं ते बहुतेक याच टप्प्यावर.

आयोजकांना सगळ्यात आधी विचारा: चित्र फ्रेमशिवाय पाठवून तिकडेच फ्रेम करता येईल का? जमत असेल तर तेच करा. वजन, खर्च आणि धोका तिन्ही कमी होतात. फ्रेम इथूनच करायची असेल तर काच नको, अ‍ॅक्रिलिक हवं. माउंट आणि मागचा बोर्ड आम्लरहित हवा. एकदा एका फ्रेमवाल्याने माझ्या चित्राच्या मागे साधी सेलोटेप लावली. वर्षभरात पिवळे चट्टे कागदातून पुढे दिसायला लागले. तेव्हापासून मी दुकानात उभी राहून काम करून घेते. चित्र जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या खळीने फक्त वरच्या बाजूला टांगायचं, चारही बाजूंनी चिकटवायचं नाही. खळ लावायला दुकानदार कंटाळला तर त्याच्याकडून फ्रेम घ्या आणि बिजागऱ्या घरी लावा.

पॅकिंगचा माझा क्रम: ग्लासिन नावाचा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद, दोन बोर्डांमध्ये चित्र आणि कोपऱ्यांना कागदी खिसे, बंद प्लास्टिक पिशवी आणि सिलिका जेल, कोरुगेटेड प्लास्टिक, मग बाहेरचा कडक खोका. गुंडाळी करून नळीत घालू नका. लाकडी पेटी करायची असेल तर अखंड लाकडाला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रक्रिया करून शिक्का लागतो, आयएसपीएम १५ म्हणतात तो. प्लायवूडला तो लागत नाही, म्हणून पेटी पूर्ण प्लायवूडची करून घ्या. पेटी स्क्रूची असावी, खिळ्यांची नको, कारण वाटेत ती उघडून तपासली जाऊ शकते. आतल्या बाजूला "उघडण्याचा आणि बंद करण्याचा क्रम" फोटोंसह चिकटवा.

सोबत लागणारी कागदपत्रं:

— निवडीचं पत्र, तीन प्रती
— प्रोफॉर्मा इनव्हॉइस (पार्सलमधल्या वस्तूचं आणि मूल्याचं पत्रक), तीन प्रती: माध्यम, साल, आकार, मूल्य, मूळ देश भारत, आणि "प्रदर्शनासाठी, तात्पुरतं, परत येणार" असा स्पष्ट उल्लेख
— मूळ हस्तचित्राचा एचएस क्रमांक (कस्टम्सचा वस्तू-वर्गीकरण क्रमांक) ९७०१
— तुमचं ओळखपत्र, कुरिअरच्या केवायसीसाठी
— चित्र तुमचं स्वतःचं आणि सध्याच्या काळातलं असल्याचं सहीचं निवेदन
— चित्राचे पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो, तारखेसह
— विमा, येताना-जाताना दोन्हीचा
— परतीच्या पार्सलचे पैसे भरल्याचा कागद

निवेदन कशासाठी, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत. तपासणाऱ्याला शंका आली तर पार्सल अडकतं. सहा फ्रेम्सचा संच एकदम पाठवायचा असेल तर फिक्की या उद्योग संघटनेकडून मिळणाऱ्या एटीए कार्नेटची, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणायच्या कस्टम्स परवान्याची, चौकशी करा. एका चित्रासाठी तो खटाटोप सहसा परवडत नाही.

दोन चुका ज्या मी केल्या. पहिल्या पार्सलवर मी "गिफ्ट" लिहिलं. कुणीतरी सांगितलं होतं की त्याने कर वाचतो. ते खोटं निवेदन ठरतं, आणि चित्र परत येताना "हे माझंच आहे" हे सिद्ध करायला हातात काही राहत नाही. दुसरी, मूल्य मुद्दाम कमी दाखवलं. चित्र हरवलं असतं तर विमाही तेवढाच मिळाला असता. खरं लिहा.

पोस्टाने पाठवायचं असेल तर मुख्य टपाल कार्यालयात जाऊन त्या देशाला सध्या पार्सल जातं का, ते विचारा आणि कस्टम्ससाठीचा सीएन २३ फॉर्म भरा. खाजगी कुरिअर असेल तर तिकडचा कर कोण भरणार हे मेलवर लेखी घ्या. हे नियम वर्षभरात बदलतात, मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. प्रदर्शनाच्या तारखेआधी किमान महिनाभर पार्सल निघालं पाहिजे.

१०. विकलं गेलं तर, आणि परत आलं तर

विकलं गेलं तर गॅलरी आपला वाटा कापून उरलेले पैसे पाठवते. वाटा किती ते आधीच विचारा आणि किंमत तो धरून ठरवा. बँक परदेशातून आलेल्या रकमेचं कारण विचारेल. निवडपत्र, इनव्हॉइस आणि विक्रीची पावती दाखवा आणि रक्कम आल्याचा कागद मागून घ्या. परतीचा उल्लेख असलेल्या कागदांवर गेलेलं चित्र तिकडेच विकलं गेलं तर पुढची कागदपत्रं बदलतात. त्यासाठी आयोजकांशी आणि तुमच्या सीएंशी आधीच बोलून ठेवा.

परत येणाऱ्या पार्सलसाठी पाठवतानाचे सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा. तेच चित्र परत येत आहे हे त्यावरूनच ठरतं. पार्सल दारात आलं की सही करण्याआधी खोका सगळ्या बाजूंनी बघा, चेपलेला असेल तर पावतीवर तसं लिहा आणि उघडताना व्हिडिओ घ्या. पावसाळ्यात आलं तर खोका रात्रभर कोरड्या खोलीत तसाच ठेवा आणि सकाळी उघडा. मग पाठवताना काढलेले कोपऱ्यांचे फोटो समोर धरून एकेक कोपरा ताडून बघा. काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी विमा कंपनीला आणि आयोजकांना मेल करा, फोटो जोडून.